आधी न्हाणी दाखवा

आमच्या शहापुरातल्या गल्लीत गुंडूआप्पा कुणाच्या घरी गेले, की त्यांना पाणी विचारायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही. पाणी घ्या म्हटलं, की ते उंबऱ्यातच चपला काढतात, शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत वर सारतात आणि म्हणतात, "पाणी मग. आधी न्हाणी दावा."

नवख्या माणसाचा गैरसमज होतो. म्हातारा माणूस, उन्हातनं आलाय, घाई लागली असेल, असं वाटून तो बिचारा पळत जाऊन दिवा लावून देतो आणि तोंड दुसरीकडं करून उभा राहतो. गुंडूआप्पा आत जातात, पण दार लावत नाहीत. आतून आधी बादली सरकल्याचा आवाज येतो. मग नळ उघडून बंद केल्याचा. मग टाइलीवर बोटाच्या पेरानं टकटक. पाच मिनिटांनी ते बाहेर येतात आणि तीनपैकी एक शब्द उच्चारतात. पास, रिवर्क नाहीतर रिजेक्ट.

एकतीस वर्षं ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होते. ओतून आलेला लोखंडी माल समोर यायचा, हे छोट्या हातोडीनं ठोकून कान लावायचे, बारीक भोक दिसलं की खडूनं फुली मारायचे. त्या भोकाला ते ब्लोहोल म्हणायचे. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मालात आत हवा राहिलेली असते, ती त्यांना आवाजावरून कळायची. रिटायर झाल्यावर कंपनीनं हातोडी ठेवून घेतली, पण खडू त्यांच्या खिशातच राहिला. लोखंड नाही तर नाही, आमच्या न्हाण्या होत्याच.

गणपतीत गल्लीभर एकमेकांकडं जायची रीत आहे. गुंडूआप्पा प्रत्येक घरी यायचे, पण मखराकडं पाठ करून थेट मागच्या बाजूला. एकदा आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांना टोकलंच. "आप्पा, आधी गणपती तरी बघा की!"

"गणपती सोच्छच असतंय आक्का," आप्पा आतून म्हणाले, "त्येला काय बघायचं?"

समोरच्या बँकवाल्या साहेबांनी मोठा खर्च करून नवं बाथरूम केलं, तेव्हा त्यांनी स्वतः गुंडूआप्पांना बोलावून नेलं. काचेचं दार, चकचकीत नळ, भिंतीतनं येणारा उजेड. आप्पांनी सगळं पाहिलं, मान डोलावली. साहेब खूश. मग आप्पांनी साबणाची वाटी उचलून उलटी केली. खाली हिरवट, बुळबुळीत, गोल थर होता. आप्पांनी वाटी तशीच उलटी साहेबांच्या हातात दिली, "रिवर्क" म्हणाले आणि चहा न घेता घरी गेले. साहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण शेजारच्या काकू सांगतात, वाटी मात्र आता दर दोन दिवसांनी धुतात.

एकदा कट्ट्यावर बसलो असताना मीच त्यांना छेडलं. म्हटलं, "आप्पा, एवढं काय त्यात? आठवड्यातनं एकदा रविवारी सगळं धुऊन काढलं की झालं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दयेनं.

"सुधीर, तू दात आठवड्यातनं एकदा घासतोस?"

"नाही."

"आनि केस रोज कापतोस?"

"नाही."

"मग? अंग एकच न्हवं का? तसंच हाय रं. हरेक जागंला येगळा वकत."

आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं. वॉशबेसिनवर रोज हात फिरवायचा, दात घासून झाले की तिथल्या तिथं, ओलं असतानाच. एकदा वाळलं की ते चिकटून बसतं, मग घासत बसा. फरशी रोज धुवायची नाही, रोज कोरडी करायची. "लोक उलटं करतात. पाणी मारतात आनि तसंच सोडून जातात. पाणी म्हंजे सोच्छ न्हाय, पाणी म्हंजे शेवाळ." घासायची ती आठवड्यातनं दोनदा. संडासाचं भांडं एक दिवसाआड. पाणी जायची जाळी दर सोमवारी.

"सोमवारीच का?"

"ऐतवारी सगळी डोक्यावरनं न्हातात. केस जातात जाळीत. सोमवारी काढलास न्हाय, तर मंगळवारी तुझ्या पायात पाणी."

"आणि बादली?"

"शनवारी. पण आतनं न्हवं, बुडातनं! सगळं जग बादली आतनं घासतंय. पाणी आत असतंय, घाण खाली असती." टाइलींच्या फटी पंधरा दिवसांनी, जुन्या टूथब्रशनं. शॉवर महिन्यातनं एकदा, व्हिनेगरच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायचं, कारण आमच्याकडं बोअरच्या पाण्याचा क्षार फार. वरच्या टाइली दोन महिन्यांनी पुसल्या तरी चालतात. "तिथं कोण न्हातंय? पाल."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आनि कडी?" त्यांनी विचारलं.

"कसली कडी?"

"न्हाणीच्या दाराची. आनि नळाची मूठ. कवा पुसलतास?"

मला आठवेना. खरं तर आयुष्यात कधी पुसली होती का, हेच आठवेना.

"रोज!" गुंडूआप्पा म्हणाले. "मानूस हात धुवायच्या आधी नळाला हात लावतंय. धुतल्यावर परत तिथंच लावतंय. मग काय धुतलं?" असं म्हणून ते उठले आणि घरी गेले. त्या संध्याकाळी मी गुपचूप आमच्या न्हाणीची कडी पुसली. फडकं काळं झालं. बायकोला सांगितलं नाही.

बायकोला न सांगायला कारण होतं. वैशालीचं माहेर निपाणीचं, आणि निपाणीच्या माणसाला एक वेळ उपाशी ठेवलेलं चालतं, पण चारचौघांत कमी लेखलेलं चालत नाही. आम्ही गेल्या वर्षी न्हाणी नवी करून घेतली. फिकट निळ्या टाइली, नवं बेसिन, पाय घसरू नये अशी खरबरीत फरशी. त्या निमित्तानं सत्यनारायण घातला. निपाणीहून वैशालीची मावशी दोन सुनांना घेऊन आली. गल्ली तर होतीच. पूजा झाली, प्रसाद वाटून झाला आणि गुंडूआप्पा मागल्या बाजूला गेले. मला तेव्हाच उठायला हवं होतं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात खडू होता आणि दुसऱ्या हातात आमचा टूथब्रश ठेवायचा ग्लास.

"काम छलो हाय," ते मावशीला म्हणाले. आमच्याकडं कानडी 'छलो' म्हणजे चांगलं. "पण फटी पाच जागी भरल्याच न्हाईत. ब्लोहोल. मी फुल्या मारून ठेवल्यात. आनि ह्या ग्लासाचं बूड बघा."

मावशीनं बघितलं. दोन्ही सुनांनी वाकून बघितलं. ब्रशांचं पाणी उतरून तळाला जो दाट, पांढरा गाळ साचतो, तो होता.

"रिजेक्ट," गुंडूआप्पा म्हणाले आणि ग्लास चौरंगाशेजारी ठेवला.

प्रसादाचा द्रोण हातात धरून सगळी खोली त्या ग्लासाकडं बघायला लागली. मावशीच्या थोरल्या सुनेला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. वैशालीचा चेहरा मी लग्नाला सतरा वर्षं झाली तरी तसा पाहिला नव्हता.

मंडळी गेल्यावर तिनं पाचही फुल्या पुसल्या. मग माझ्यापुढं येऊन शांतपणे म्हणाली, "त्या माणसाला ह्या घरची न्हाणी परत दिसता कामा नये."

गुंडूआप्पांना कळलं. अशा गोष्टी गल्लीत सांगाव्या लागत नाहीत. ते आमच्याकडं यायचे बंद झाले. समोरून जाताना मान खाली घालायचे. संक्रांतीला वैशालीनं त्यांना तिळगूळ दिला, पण बाहेर कट्ट्यावर, उभ्या उभ्या. त्यांनीही तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आक्का, माझं तोंडच वंगाळ." वैशाली डबा बंद करून आत आली.

त्यानंतर महिन्याभरात बाबा पडले.

माझे वडील खानापूर भागातल्या एका शाळेत हेडमास्तर होते. वय एकोणऐंशी. अजूनही ताठ चालायचे. स्वच्छतेच्या बाबतीत तेही काही कमी नव्हते, पण त्यांची पद्धत वेगळी. शाळेत दर सोमवारी पोरांची नखं तपासायचे आणि ज्याची वाढलेली, त्याला स्वतः कापून द्यायचे. त्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला होता. हारतुरे झाले, भाषण झालं आणि व्यासपीठाच्या लाकडी पायरीवरून उतरताना त्यांचा पाय चुकला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी घातली. पंधरा दिवसांनी वॉकर धरून घरी आले.

टाके काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता खुर्चीवर बसून आंघोळ करायला हरकत नाही. पण बाबा न्हाणीच्या दारापर्यंत यायचे, आतली ओली फरशी बघायचे आणि परत फिरायचे.

"पुसून घेतो," म्हणायचे.

मी म्हटलं, मी घालतो आंघोळ. त्यांनी मान हलवली. "तू बाहेर हो." मुलासमोर कपडे उतरवायचे ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसतच नव्हती. वैशालीचा तर प्रश्नच नव्हता. मग आम्ही पैसे देऊन एक माणूस लावला. तो आला, कानाला मोबाइल तसाच धरून म्हणाला, "चला आजोबा, काढा कपडे." बाबांनी त्याला नमस्कार केला आणि जायला सांगितलं.

बारा दिवस झाले. पुसूनही घेईनासे झाले. जेवण निम्म्यावर आलं. खानापूरहून त्यांचे जुने सहकारी भेटायला आले, तर बाबा मला हळू आवाजात म्हणाले, "त्यांना आत आणू नकोस. माझ्या अंगाला वास येतो." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी त्या माणसांना बाहेरच्या खोलीत चहा पाजून परत पाठवलं. ज्या माणसानं शेकडो पोरांची नखं स्वतःच्या हातानं कापली, तो माणूस आता कुणाला जवळ येऊ देत नव्हता. घरात आम्ही दोघंही दबकून बोलायला लागलो होतो.

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी सगळे बादल्या, पाइप घेऊन बाहेर असतात. मी टाकी भरत होतो. गुंडूआप्पा पलीकडं उभे होते. चार महिन्यांनी ते पहिल्यांदा माझ्याशी आपण होऊन बोलले.

"गुरुजी दिसंनात?"

मी सांगायला लागलो आणि थांबताच येईना. सगळं सांगून टाकलं. पाय, फरशी, मोबाइलवाला माणूस, भिंतीकडं केलेलं तोंड. पाइप टाकीतनं निसटून पाणी रस्त्यावर वाहत होतं, ते आप्पांनीच वाकून बंद केलं. मग आपली बादली उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. वैशालीनं उघडलं. दारात गुंडूआप्पा. एका हातात बादली, बादलीत दोन ब्रश, काथ्याची घासणी, धुण्याच्या सोड्याची पुडी. दुसऱ्या हातात पाठ असलेली प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्या चारी पायांना त्यांनी रबराच्या टोप्या बसवल्या होत्या.

"आक्का, तवा माझी चूक झाली," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "चार मानसांत बोलायचं न्हवतं. आता आत येऊ?"

वैशालीनं खुर्चीच्या टोप्यांकडं बघितलं. मग बाजूला झाली.

दीड तास ते न्हाणीत होते. मला वाटलं होतं नवी खरबरीत फरशी म्हणजे घसरायचा प्रश्न नाही. आप्पांनी मला बोलावून दाखवलं. त्या खरबरीत खाचांत साबण बसून बसून त्याचा पापुद्रा झाला होता. "खरबरीत फरशी गुळगुळीत फरशीपेक्षा जास्त घासायला लागती. लोकांना वाटतंय उलटं." त्यांनी कढत पाणी आणि सोडा टाकून कोपऱ्यापासून दारापर्यंत सगळी फरशी गुडघ्यावर बसून घासली. मग पाणी ओतलं, अनवाणी पायानं त्यावर चालून बघितलं. एका पायावर उभे राहून बघितलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आमच्या न्हाणीत एका पायावर उभा. एरवी मी हसलो असतो.

मग ते हात पुसत बाबांच्या खोलीच्या दारात गेले.

"गुरुजी, नमस्कार."

बाबांनी मान वळवली नाही. "आंघोळ नकोय मला, गुंडू."

"आंघोळ कोण म्हणालालंय? मी न्हाणी साफ केल्या. तेवढी तपासायला या. मार्क द्या."

खाट करकरली. मग बाबांचा आवाज आला. "किती पैकी?"

"धापैकी."

वॉकरचा टकटक आवाज झाला. बाबा दारात आले. विटलेला सदरा, वाढलेली दाढी. वॉकर टेकवत न्हाणीच्या दारापर्यंत गेले. आप्पा एका बाजूला पोरासारखे हात बांधून उभे. बाबांनी फरशीकडं बघितलं, बेसिनकडं बघितलं. मग वॉकर आत टाकून एक पाऊल आत ठेवलं, पावलानं फरशी चाचपली. दुसरं पाऊल ठेवलं. नळाच्या मुठीवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं.

"सहा," बाबा म्हणाले.

"सा?" आप्पा खरोखर दुखावले. "सा कसं काय गुरुजी? एवढं घासलं!"

"खिडकीच्या जाळीला कोळिष्टक आहे."

आप्पांनी वर बघितलं. होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना रिवर्क दिलं होतं. "काढतो की," ते म्हणाले, "पण तुम्ही तवर उभारून काय करणार? बसा हितं." आणि खुर्ची पुढं सरकवली. बाबा बसले. आप्पांनी कोळिष्टक काढलं. सावकाश काढलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पाणी गरम हाय. पायावर वततो जरा, लई दिस झालं न्हवं?"

बाबांचा हात सदऱ्याच्या गुंडीवर गेला आणि तिथंच थांबला.

"पंचा असू दे कमरंला. ओला झाला तर वाळतोय. आनि मी पाठीमागं उभारतो. मला फकस्त पाठ दिसणार."

त्यांनी दार ओढून घेतलं, पण पुरतं लावलं नाही. मी बाहेर बोळात स्टूल टाकून बसलो, कुठं काही लागलं तर असावं म्हणून. आतून पाण्याचा आवाज यायला लागला.

"पयल्यांदा पायावर. आता गुडघ्यावर. डोक्यावर एकदम घ्यायचं न्हाय, दम कोंडतोय. सांगा, वतू का?"

"ओत," बाबा म्हणाले.

वैशाली माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर पडला, तसं बाबांनी तोंडानं जो आवाज काढला, तो ऐकून ती एकदम तोंड फिरवून आत गेली.

त्या दिवशी बाबा दोन भाकरी जेवले. दुपारी स्वतः फोन करून खानापूरच्या मित्रांना म्हणाले, "परवा आलात, मी भेटलो नाही. पुन्हा या."

त्यानंतर गुंडूआप्पा रोज यायला लागले. सकाळी सात. आधी फरशी, मग बाबा. वैशाली त्यांच्यासाठी पोहे करून ठेवायची. आठवड्याभरात तिनंच एके दिवशी टूथब्रशचा ग्लास आणून त्यांच्यापुढं धरला. "बघा आता."

आप्पांनी बूड बघितलं, उजेडात धरून बघितलं. "आक्का, हे तर दुकानातल्यापेक्षा बेस हाय."

वैशाली हसली.

मी कामावर जायच्या आधी बोळातल्या स्टुलावर बसून पेपर वाचायचो आणि आतलं बोलणं ऐकू यायचं. बहुतेक वेळा फाउंड्री, नाहीतर शाळा. एके सकाळी बाबांनी विचारलं, "गुंडू, तुझा हात सराईत आहे. माणसाला कुठं धरायचं, पाणी कुठून सुरू करायचं, हे असं आपोआप येत नाही. कुठं शिकलास?"

पाणी ओतायचं थांबलं.

"सरू दीड वर्स झोपून होती न्हवं," आप्पा म्हणाले.

सरूआक्का म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन आता पाच वर्षं झाली. वडगावातल्या विणकराच्या घरची मुलगी, बोलायला कमी. शेवटी त्या अंथरुणाला खिळून होत्या, हे गल्लीला माहीत होतं. त्यांचं सगळं करायला वडगावहून एक बाई येते, असं आप्पांनीच सांगितलं होतं.

"पण ती वडगावची बाई?" बाबांनी विचारलं.

"बाई कुठली गुरुजी. मीच."

"मग बाई येते असं का सांगितलंस?"

"सरूला लाज वाटायची. म्हणायची, नवऱ्याकडनं न्हाऊन घेती म्हणून गल्ली हसंल. मी म्हटलं, मग बाई येती म्हणून सांगू या. तवा कुठं न्हायला तयार झाली." आतला नळ बंद झाला. "मला काय येत न्हवतं गुरुजी. एकतीस वर्स लोकांच्या चुका काढल्या, पण घरात कवा बादली जाग्यावर ठेवली न्हवती. तिच्या पाठीला जखमा झालत्या. डॉक्टर म्हणालं, हितं घाण लागली तर मानूस हातचं जाईल. मग मी कॅलेंडरवर लिव्हून काढलं. काय रोज, काय एक दिवसाआड, काय सोमवारी. तिच्या जखमा भरल्या. शेवटाला पाठ अशी सोच्छ होती, गुरुजी. डॉक्टरनं बघितलतं." तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग, "ती पाठीच्या दुखन्यानं न्हाय गेली. छातीनं गेली."

मी पेपर खाली ठेवला.

"ती गेल्यावर सोडून दिलतं सगळं," आप्पा म्हणाले. "चार दिस न्हाणीत हात घातला न्हाय. घर लई गप झालं. पोरगी लांब, फोनवर बोलती, पण फोन ठेवला की परत गपच. पाचव्या दिवशी सकाळी उठून ब्रश घेतला. ब्रशचा आवाज आला की घरात कोण तर उठलंय असं वाटतंय."

खुर्ची थोडी सरकली. मग बाबांचा आवाज आला. शाळेत घंटा झाल्यावर मुलांना आत घेताना यायचा, तसा खालच्या पट्टीतला.

"पाठ घास जरा. जोरात घासलीस तरी चालेल."

मला त्या माणसाच्या पाच वर्षांच्या सगळ्या न्हाण्या आठवल्या. मखराकडं पाठ करून मागल्या बाजूला जाणारा माणूस. दहा घरांत जाऊन कडी कधी पुसली विचारणारा माणूस. आम्ही सगळे त्याला हसलो होतो. एकानंही त्याला कधी उलटं विचारलं नव्हतं, आप्पा, तुमची न्हाणी दाखवा की.

दीड महिना गेला. बाबांनी वॉकर सोडून काठी घेतली. मग गुंडूआप्पांच्या पुतणीच्या बाळाचं बारसं आलं, खानापूरला. दोन दिवस जायचं होतं. ते जाताना इतके अस्वस्थ की शेवटी बाबांनीच त्यांना दटावलं, "जा रे. मी काही पळून जात नाही."

पहिल्याच दिवशी सकाळी बाबा उठले, काठी टेकत न्हाणीत गेले आणि आतून म्हणाले, "सुधीर, दार लोटून घे. आणि बाहेर बसू नकोस." मी तरी बसलो. आतून पाणी पडल्याचा आवाज आला, तांब्या ठेवल्याचा आला. वीस मिनिटांनी दार उघडलं. बाबा उभे. धुतलेला सदरा, केस मागं विंचरलेले. फरशी त्यांनी वायपरनं स्वतः कोरडी केली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. आम्हाला फार आनंद झाला. वैशाली म्हणाली, "आता आप्पांना रोज त्रास द्यायला नको. उद्या आले की सांगू या."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. मी उघडलं. गुंडूआप्पा बादली घेऊन उभे. खानापूरहून आदल्या संध्याकाळीच आले असावेत. डोळ्यांवर जागरण दिसत होतं.

"गुरुजींची आंघोळ कशी झाली रं दोन दिस?" त्यांनी आत यायच्या आधीच विचारलं. "माझं तिथं मनच लागंना."

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून टकटक आवाज आला. काठीचा नव्हता. बाबा बोळातून येत होते, कोपऱ्यात घडी करून ठेवलेला वॉकर परत दोन्ही हातांत धरून, एकेक पाऊल सावकाश टाकत. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दोन दिवस नुसतं अंग पुसून घेतलं, गुंडू," ते म्हणाले. "एकट्याला अजून जमत नाही रे."

"मला म्हाईतच होतं!" आप्पा म्हणाले. उंबऱ्यातच चपला सोडून, बादली तिथंच ठेवून ते पुढं झाले आणि बाबांचा दंड धरला. "तरी मी पुतणीला म्हणालतो, मला काल सकाळच्याच गाडीनं सोड म्हणून. या. सावकाश."

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बोळाच्या दोरीकडं. बाबांनी काल आंघोळ करून स्वतः पिळून वाळत घातलेला पंचा तिथं होता. आप्पांची पाठ वळली होती तेवढ्यात तिनं तो दोरीवरून ओढला, पदराखाली घेतला आणि आत निघून गेली.